उत्तर देणारा माणूस : रघुनाथ धोंडो कर्वे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपवली. आजवर या पानांत आम्ही महात्मा फुले, सावित्रीमाई, राजर्षी शाहू आणि माता रमाई यांच्याविषयी लिहिले. यंदा निराळ्या माणसाचे चरित्र सांगावे असे मनात आले. हा माणूस आपल्या वस्तीत जन्मला नाही आणि आपल्या चळवळीच्या मंचावरही कधी बसला नाही. त्याची तसबीर आपल्या सभागृहात लावलेली नाही. तरीही एका कठीण दिवशी बाबासाहेब त्याच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले होते. त्या माणसाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

त्यांची आठवण होण्यास एक जुना प्रसंग कारण झाला. अनेक वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत इतिहास शिकवीत असताना दहावीची एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत आमच्याकडे आली. तिला चार बहिणी होत्या. पाचवीही मुलगीच झाली म्हणून घरी आईला मारहाण होत होती आणि वडिलांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होती. यात आईचा दोष आहे का, एवढेच तिला विचारायचे होते. विज्ञानाच्या पुस्तकात याचे उत्तर असल्याचे तिने ऐकले होते, परंतु तो धडा घरी वाचून या असे सांगून वर्गात पुढे सरकवण्यात आला होता. आम्ही विषय इतिहासाचा म्हणून तिला विज्ञानाच्या शिक्षकांकडे पाठवले. ती गेली नाही. पुढे परीक्षेलाही बसली नाही. उत्तर आम्हांला ठाऊक होते, केवळ संकोचापायी आम्ही ते दिले नाही. हा लेख म्हणजे त्या उशिराच्या उत्तराचा एक भाग आहे.

आईविना वाढलेला मुलगा

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुड येथे झाला. वडील धोंडो केशव कर्वे म्हणजे पुढे महर्षी म्हणून देशभर ओळखले गेलेले, विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे अण्णासाहेब. आईचे नाव राधाबाई. १८९१ मध्ये राधाबाई बाळंतपणात वारल्या, तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती आणि रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, अण्णासाहेबांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या जातभाईंनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. बाळंतपण बाईचा जीव घेते आणि समाज चांगल्या कृत्यालाही शिक्षा करतो, हे दोन धडे या मुलाला शाळेच्या पुस्तकांआधी घरातच मिळाले.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि वडिलांप्रमाणेच गणिताची वाट धरली. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी गणिताचा अधिक अभ्यास केला आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. अण्णासाहेब स्त्रीशिक्षणासाठी घरोघर फिरून पैसा पैसा गोळा करीत होते. मुलाने मात्र त्याच प्रश्नाचे दुसरे टोक हाती घेतले. शिकलेली स्त्रीसुद्धा स्वतःच्या देहाची मालकीण नसेल, दर दीड-दोन वर्षांनी तिला बाळंतखाटेवर पडावे लागत असेल, तर तिच्या शिक्षणाचा तिला काय उपयोग, असा विचार त्यांनी केला.

१९२१ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. भारतातील असे ते पहिलेच केंद्र. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी त्यांचे प्रसिद्ध केंद्र उघडले तेही याच वर्षी. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. रघुनाथरावांच्या पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. स्वतःला अपत्य होऊ द्यायचे नाही, असा या दांपत्याचा निर्णय होता. ज्या काळात मूल नसलेल्या बाईला वांझोटी म्हणून मंगल कार्यातून उठवले जाई, त्या काळात हा निर्णय मालतीबाईंना किती जड गेला असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

मिशनरी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयाला प्राध्यापकाचा हा उद्योग पटणे शक्य नव्हते. जाहीर प्रचार थांबवावा, अशी अपेक्षा व्यक्त झाली. रघुनाथरावांनी १९२५ मध्ये प्राध्यापकपदाचाच राजीनामा दिला. आपल्यासारख्या पगारावर घर चालवणाऱ्या शिक्षकांना या एका वाक्याचे वजन कळेल.

जुलै १९२७

१९२७ हे साल आपल्या मुलांना पाठ असते. २० मार्चला महाडचे चवदार तळे, एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. याच वर्षीच्या जुलै महिन्यात रघुनाथरावांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. दोन्ही नियतकालिके मराठी, दोन्ही मुंबईतून निघणारी आणि दोहोंच्याही मागे पैशाचे बळ नव्हते. एकाने पाणवठ्यावरची बंदी मोडली, दुसऱ्याने ज्ञानावरची. बंदी घालणारा हात मात्र एकच होता. ज्याने शूद्राच्या कानात ज्ञान पडू दिले नाही, त्यानेच स्त्रीला तिच्या स्वतःच्या गर्भाशयाची माहिती होऊ दिली नाही.

'समाजस्वास्थ्य'चे संपादन आणि बहुतांश लेखन रघुनाथराव एकहाती करीत. त्यात आरोग्य, आहार, गुप्तरोग, संततिनियमन आणि स्त्रीपुरुषसंबंध यांविषयी सरळ मराठीत माहिती असे. वाचकांची पत्रे येत आणि संपादक त्यांना छापून उत्तरे देत. नवविवाहित, घाबरलेली पोरे, संसाराला विटलेले प्रौढ असे जे कुणाला विचारू शकत नव्हते, ते या मासिकाला विचारीत. रघुनाथरावांनी प्रश्नकर्त्याला पापी ठरवले नाही. माहीत असेल ते सांगितले आणि शास्त्राच्या आधाराने सांगितले.

शास्त्र तेव्हा कोठवर आले होते

रघुनाथराव ज्या विषयावर लिहीत होते, त्याचे शास्त्र त्यांच्याच वयाचे होते. त्यांच्या जन्माच्या दुसऱ्याच वर्षी, १८८३ मध्ये, बेल्जियमचे एदुआर फान बेनेडेन यांनी घोड्याच्या पोटातील जंताच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. जंताच्या अंडपेशीत आणि शुक्रपेशीत गुणसूत्रांची संख्या निम्मी असते आणि दोन्ही एकत्र आल्यावर ती पूर्ववत होते, हे त्यांना दिसले. अपत्य म्हणजे आई आणि बाप यांचा समसमान वाटा, हे प्रथमच डोळ्यांना दिसले. बीज पुरुषाचे, स्त्री म्हणजे केवळ शेत, हा मनुस्मृतीतला सिद्धान्त एका जंताने खोटा पाडला.

हे निम्मे कसे होते, ते आमच्या भागातील उदाहरणाने सांगतो. वारंगा फाट्याच्या चहूकडे हळदीची शेते आहेत. हळद आपण बियांनी लावत नाही, बेणे लावतो. गड्ड्याचा तुकडा जमिनीत गेला की त्याच्या पेशी सरळ विभागत जातात. एका पेशीच्या दोन होतात आणि दोन्हींत गुणसूत्रे तेवढीच व तीच राहतात. याला सूत्री विभाजन म्हणतात आणि अशा वाढीला अलैंगिक प्रजनन. म्हणून एका बेण्याची हळद पिढ्यान्‌पिढ्या एकसारखी निघते. हळदीला फुलोरा येतो, परंतु सहसा बी धरत नाही. कारण आपल्या हळदीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तर तीन संच असतात. एकूण ६३. जोड्या लावायला गेले की एक संच उरतो. अर्धापूरकडच्या केळीचेही तसेच, ३३ गुणसूत्रे आणि तीन संच. म्हणून केळीत बी नाही.

तुरीचे तसे नाही. तुरीच्या फुलावर मधमाशी बसते, एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात आणि शेंगेत दाणा भरतो. तो दाणा दोन झाडांचे अपत्य असतो. माणसाचेही असेच आहे. आपल्या शरीरातील सर्वसाधारण पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतील एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. ही पेशी जशीच्या तशी पुढच्या पिढीत गेली असती, तर मुलात ९२, नातवात १८४ अशी गुणसूत्रे दुपटीने वाढत गेली असती आणि जीवसृष्टीच उरली नसती. म्हणून अंडाशयात आणि वृषणात एक निराळे विभाजन होते. त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात.

त्याचा क्रम असा. प्रथम प्रत्येक गुणसूत्र आपली प्रत तयार करते. मग आईकडचे आणि वडिलांकडचे अशी जोडीतील दोन्ही गुणसूत्रे एकमेकांजवळ येतात, बिलगतात आणि आपापले काही तुकडे एकमेकांशी बदलून घेतात. त्यानंतर जोड्या फुटतात. कोणत्या जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या बाजूस जाईल याला कसलाही नियम नाही. पुढच्या टप्प्यात प्रतीही वेगळ्या होतात. अशा रीतीने एका पेशीपासून चार पेशी होतात आणि प्रत्येकीत २३ गुणसूत्रे उरतात. पुरुषात या चारही पेशींच्या शुक्रपेशी होतात. स्त्रीमध्ये एकच मोठी अंडपेशी टिकते, बाकीच्या लहान पेशी विरून जातात.

यातील एक गोष्ट आम्ही प्रथम वाचली, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. स्त्रीच्या अंडपेशींमधील हे विभाजन ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते. मग ते थांबते. वयात आल्यावर दर महिन्याला साधारण एका अंडपेशीत ते पुढे सरकते आणि शुक्रपेशी आत शिरल्यावरच पूर्ण होते. म्हणजे आपण ज्या अंडपेशीतून जन्मलो, ती आपल्या आजीच्या उदरात तयार होऊ लागली होती. आजीला पुरेसे खायला मिळाले होते का, तिला मार खावा लागला होता का, या प्रश्नांशी आपले नाते असे देहाचे आहे.

गणिताच्या प्राध्यापकाला साजेसा हिशेबही यात आहे. २३ जोड्यांतून प्रत्येकी एक निवडण्याच्या रीती ८३,८८,६०८ होतात. आईवडील दोघांच्या मिळून त्या सत्तर लाख कोटींवर जातात, आणि तुकड्यांची अदलाबदल यात धरलेलीच नाही. म्हणून जुळी सोडली, तर एकाच आईची दोन लेकरे कधी हुबेहूब सारखी नसतात. हळदीच्या किंवा केळीच्या बागेवर एक रोग आला, तर सगळी बाग एकाच वेळी आडवी होते, कारण सगळी झाडे एकसारखी. गेल्या शतकात परदेशातील केळीची एक प्रसिद्ध जात मर रोगाने अशीच मळेच्या मळे नष्ट झाली. सरमिसळीतून आलेल्या पिढीत मात्र कोणी ना कोणी तग धरतो. निसर्गाने विविधतेला जगण्याचे साधन केले आहे.

आता त्या विद्यार्थिनीचे उत्तर. २३ जोड्यांपैकी एक जोडी लिंग ठरवते. स्त्रीमध्ये ती एक्स आणि एक्स अशी असते, म्हणून तिची प्रत्येक अंडपेशी एक्सच देते. पुरुषात ती एक्स आणि वाय अशी असते, म्हणून त्याच्या निम्म्या शुक्रपेशी एक्स घेऊन जातात, निम्म्या वाय. एक्स मिळाले तर मुलगी, वाय मिळाले तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने १९०५ मध्ये पिठातल्या किड्यांवर अभ्यास करून हे दाखवून दिले. म्हणजे रघुनाथराव तेवीस वर्षांचे असतानाच हे उत्तर जगाला मिळाले होते. मुलगी होण्याला आई कारण नाही, आणि वडील कारण असले तरी त्यांच्या हातात काही नाही. दोष कोणाचाच नाही. शंभर वर्षांहून जुनी ही माहिती आमच्या खेड्यातील त्या घरापर्यंत पोहोचली नव्हती, आणि पोहोचवणे ज्यांचे काम होते त्यांत आम्हीही होतो.

या विभाजनात कधी चूकही होते. एखादी जोडी फुटत नाही आणि बाळात ४७ गुणसूत्रे येतात. त्यातून होणाऱ्या डाउन सिंड्रोमचे कारण १९५९ मध्ये उलगडले. अशा बाळाच्या आईला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून टोचणारे लोक अजूनही आहेत. हे पेशीविभाजनातील चुकीचे फळ आहे. त्यात पापाचा काही संबंध नाही.

१९३४ चा खटला

सनातनी मंडळींना 'समाजस्वास्थ्य' खुपत होते. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखावरून रघुनाथरावांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांना शंभर रुपये दंड झाला. वरच्या न्यायालयातही यश आले नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळचा गुन्हा म्हणजे वाचकांच्या लैंगिक जीवनाविषयीच्या खासगी प्रश्नांना मासिकातून दिलेली उत्तरे. प्रश्नाला उत्तर देणे हाच अपराध ठरला होता.

त्यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर यांनी. पुणे करार होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. बाबासाहेबांच्या शिरावर साऱ्या अस्पृश्य समाजाचा भार होता आणि सनातन्यांचा रोषही होता. लोकप्रियतेचा विचार करणाऱ्याने हा खटला हातात घेतला नसता. बाबासाहेबांनी तो तत्त्वाचा प्रश्न म्हणून घेतला. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, लोक अज्ञानातून प्रश्न विचारतात आणि अज्ञान दूर करण्याचा उपाय ज्ञान हाच आहे, मासिक ज्या विषयाला वाहिलेले आहे त्या विषयावरील प्रश्नांना त्याने उत्तरे दिलीच पाहिजेत, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. पाश्चात्त्य संशोधकांच्या ग्रंथांचाही त्यांनी आधार घेतला. एप्रिलमध्ये निकाल लागला. खटला हरला. रघुनाथरावांना दोनशे रुपये दंड झाला.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. हरलेल्या खटल्यांकडे नीट पाहावे, असे आम्हांला शिकवले गेले आहे. त्या दिवशी निकाल विरोधात गेला, पण बाबासाहेबांचा युक्तिवाद आज दहावीच्या पाठ्यपुस्तकात प्रकरण होऊन बसला आहे. सरकारच्या पुस्तकातच आता प्रजनन आणि गुणसूत्रे शिकवली जातात. ते प्रकरण वगळणारा शिक्षक नकळत १९३४ च्या फिर्यादीच्या बाजूला जाऊन बसतो.

बाबासाहेबांना या प्रश्नाची धग घरातूनही ठाऊक होती. ते स्वतः रामजी सुभेदार आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. माता रमाईंची पाच लेकरे जन्मली, त्यांतले एकटे यशवंत जगले. राजरत्न १९२६ मध्ये गेला. खटल्याच्या पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाईही गेल्या. या दुःखाचा आणि वकीलपत्राचा संबंध आम्ही जोडत नाही, तसा पुरावा आमच्यापाशी नाही. परंतु बाबासाहेबांची भूमिका एका खटल्यापुरती नव्हती, याला पुरावा आहे. १९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाच्या प्रसारासाठी शासनाने पावले उचलावीत, असा ठराव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत आला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. तो ठरावही फेटाळला गेला.

रक्ताच्या शुद्धतेचा भ्रम

संततिनियमनाच्या त्या काळच्या चळवळीत, देशात आणि विदेशात, काही मंडळी निराळ्याच हेतूने आली होती. वरचे कोण आणि खालचे कोण हे जन्मावरून ठरवून खालच्यांची संख्या कमी करावी, असा त्यांचा कल होता. आपल्या वाचकांनी हा भेद लक्षात ठेवावा. बाबासाहेबांची भूमिका स्त्रीच्या आरोग्याची आणि गरिबाच्या घरातील भाकरीची होती. जातीला रक्ताचा आधार नाही, भारतातील सारेच लोक सरमिसळ झालेले आहेत आणि जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याच्या सक्तीमुळे, हे त्यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधातच मांडले होते.

कर्वे घराण्यातही या प्रश्नाचे एक उत्तर सापडले. रघुनाथरावांचे धाकटे सावत्र बंधू दिनकर यांच्या पत्नी इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. गोऱ्यांची कवटी श्रेष्ठ बुद्धीची असल्याचे दिसावे, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही भेद आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. अर्धगुणसूत्री विभाजन तरी निराळे काय सांगते? प्रत्येक पिढीत पाने पुन्हा पिसली जातात. आजोबांकडून नातवाकडे जाताना बरीच गुणसूत्रे जशीच्या तशी राहत नाहीत. शुद्ध रक्त म्हणून जे मिरवले जाते, ते शोधायला गेले तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही.

अखेरची वर्षे

१९४० मध्ये रघुनाथरावांवर आणखी एक खटला झाला. पुढे मालतीबाई वारल्या. घरात साथ उरली नाही, पैसा तर कधीच नव्हता. तरी मासिक चालू राहिले. प्रत्येक महिन्याला अंक निघत राहिला, पत्रे येत राहिली, उत्तरे जात राहिली. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या शासनाने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जगात असे करणारा भारत हा पहिला देश. ज्या कामासाठी एका माणसाची प्राध्यापकी गेली आणि त्याने दंड भरले, तेच काम आता सरकारचे धोरण झाले होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. सव्वीस वर्षांची ती साथ संपली.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे त्यांना कळले नाही. त्यांच्या हयातीत ती ४८ मानली जात. अचूक आकडा १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. रघुनाथरावांची पुण्यतिथी आणि आपला धम्मदीक्षेचा दिवस एकच आहे. हा योगायोगच, यात गूढ काही नाही. परंतु यापुढे त्या दिवशी वसतिगृहात वंदना झाल्यावर या माणसाचेही नाव घेतले जावे, असे आम्हांला वाटते.

आपल्यापुढचे काम

काम संपलेले नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, आपल्या मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली ८०७ होत्या. त्याच जिल्ह्यातील हजारो ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये राज्याच्या समितीपुढे आले. आपल्या निवासी शाळेतील कित्येक मुलामुलींचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. लेकरे आपल्या भरवशावर इथे असतात. त्यांना भाकरी आणि छप्पर दिले की आपली जबाबदारी संपत नाही. आपल्या देहाविषयी त्यांना कुणीतरी खरे सांगितले पाहिजे, आणि दूरच्या फडावर असलेले आईवडील ते सांगू शकत नाहीत.

तथागतांनी कालामांना काय सांगितले ते आपण मुलांना शिकवतो. परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा भाव. पारखण्यासाठी आधी माहिती द्यावी लागते. म्हणून माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, परिचारिका, शिक्षक झाले आहेत, त्यांना आमची विनंती आहे की वर्षातून एक दिवस शाळेत यावे आणि मुलामुलींच्या प्रश्नांना न लाजता उत्तरे द्यावीत. पालकांनीही घरी प्रश्न आला तर रागावू नये. सुनेला मुलगी झाली तर तिच्यापुढे पेढे ठेवावेत आणि नातेवाइकांना एक्स आणि वायचा हिशेब समजावून सांगावा.

त्या विद्यार्थिनीचा ठावठिकाणा आम्हांला माहीत नाही. ती आज चाळिशीच्या आसपास असेल, कदाचित तिच्या लेकी कुठल्या तरी शाळेत दहावीत असतील. त्यांच्या वर्गात तो धडा शिकवला गेला असेल अशी आशा आम्ही करतो. आमच्या वर्गात तो आता वगळला जात नाही. इतिहासाचा तास असला तरी प्रश्न आला की उत्तर दिले जाते. र. धों. कर्वे यांच्याकडून आम्ही एवढे शिकलो.

जय भीम. नमो बुद्धाय.